चार बोटं पाणी आणि पंधरा वर्षांचं कर्ज

२०२२ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत तो अर्ज आला. सभासद जुना, खातं स्वच्छ. बेळगावची भाजी गोव्याला पाठवण्यात तीस वर्षं घालवलेला अडत्या. बायकोचं माहेर वेंगुर्ले तालुक्यात; तिथल्या निपुत्रिक मामांचं घर आणि अकरा गुंठे जागा तिच्या नावावर झालेली. खाडीला लागून जुनं चिऱ्याचं घर, चाळीसेक माड आणि एक विहीर. नवराबायकोला तिथं चार खोल्यांचं होमस्टे काढायचं होतं. मागणी पस्तीस लाखांची, मुदत पंधरा वर्षं, तारण तीच जागा. आमची पतसंस्था बहुराज्यीय असल्यानं घाटाखालच्या तारणाला हरकत नव्हती. सीआरझेडचे, म्हणजे किनारी बांधकाम नियमांचे, आणि ग्रामपंचायतीचे कागद त्यांनी आधीच जोडले होते, त्यामुळे त्यावर इथं वेळ घालवत नाही.

मी संचालक नाही. निवृत्त विज्ञान शिक्षक. कर्ज समितीत सल्लागार म्हणून बसतो. निम्मे संचालक माझ्या हाताखालून गेलेत, एवढीच काय ती पात्रता.

अर्ज अडला तो मूल्यांकन अहवालातल्या एका वाक्यावर. ‘मालमत्ता खाडीलगत असून समुद्रपातळीतील वाढीचा धोका संभवतो.’ असलं वाक्य आमच्या समितीसमोर आजवर आलं नव्हतं. चेअरमननी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, समुद्र येऊलाय की नाही, तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघतो.”

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. अंटार्क्टिकातला सगळा बर्फ वितळला तर समुद्र अठ्ठावन्न मीटरच्या आसपास चढेल, ग्रीनलंडचा वितळला तर आणखी सात-साडेसात. दोन्ही मिळूनही पाणी आंबोलीच्या घाटाचं पहिलं वळण ओलांडणार नाही. म्हणून आपल्याकडे हा विषय टीव्हीवर बघायचा आणि जेवायला बसायचं, असाच आहे. पण बेळगावचा पैसा घाट कधीच उतरून गेलाय. पणजीतला फ्लॅट, कारवारकडचा प्लॉट, मालवणातलं घर, असं एखादं तारण आता दर दोन-तीन बैठकांना येतं.

बैठकीत काय झालं

संचालकांपैकी एकाचं सरबताचं दुकान आहे. त्यांनी पोऱ्याला पाठवून बर्फ मागवला. स्टीलच्या ग्लासात काठोकाठ पाणी, त्यावर तरंगता खडा. “आता बघा, वितळू दे.” वीस मिनिटं बाकीचे अर्ज झाले. खडा विरघळला, थेंबही सांडला नाही. “झालं की! ध्रुवावरचा बर्फ पाण्यातच आहे. वितळला तर कुठं वाढणार समुद्र?”

त्यांचा प्रयोग चोख होता. तरंगणारा बर्फ जेवढं पाणी बाजूला सारतो, वितळल्यावर तेवढ्याच जागेत मावतो. समुद्र खारा असल्यामुळे किंचित फरक पडतो, पण तो इथं सोडून देण्याइतका. उत्तर ध्रुवावरचा बर्फ हा असा तरंगता आहे, आणि तो वितळून समुद्र वाढत नाही हे त्यांचं म्हणणं खरं. मी चहाचं गाळणं मागवलं, ते ग्लासावर ठेवलं आणि दुसरा खडा गाळण्यात टाकला. या खेपेस टेबलावरचे कागद उचलावे लागले. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा मुख्य बर्फ गाळण्यातला आहे, म्हणजे जमिनीवरचा.

मात्र गाळण्यानं सगळं समजत नाही. अंटार्क्टिकाच्या कडेला जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारे बर्फाचे प्रचंड तक्ते आहेत. २००२ साली त्यातला ‘लार्सन बी’ नावाच्या तक्त्याचा सव्वातीन हजार चौरस किलोमीटरचा भाग, म्हणजे जवळजवळ पाव बेळगाव जिल्हा, महिन्याभरात फुटून गेला. तो तरंगताच होता, त्यामुळे फुटण्यानं समुद्र वाढला नाही. पण त्याच्या मागच्या जमिनीवरच्या हिमनद्या कित्येक पटींनी वेगानं समुद्राकडे धावू लागल्या. बाटलीचं बूच वजनाला काहीच नसतं. ते निघालं की काय होतं ते सरबतवाल्यांना मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या संचालकांनी कुठंतरी वाचलं होतं की अंटार्क्टिकाचा बर्फ वाढतोय. तेही अर्धं खरं. २०१४ मध्ये तिथल्या समुद्री बर्फाचा विस्तार उपग्रहांच्या नोंदीतला सर्वांत मोठा होता. दोनच वर्षांत तो घसरला आणि त्या वर्षीच्या, म्हणजे २०२२ च्या फेब्रुवारीत तोवरच्या नीचांकावर गेला. त्या चढउताराचा नीट खुलासा शास्त्रज्ञांनाही अजून पुरता साधलेला नाही. पण तो पुन्हा ग्लासातला बर्फ. आपला हिशोब गाळण्यातल्या बर्फाचा.

तिसऱ्यांनी हिमालय काढला. “२०३५ पर्यंत हिमनद्या संपणार म्हणाले होते, मग चूक कबूल केली. त्यांचाच मेळ नाही, आम्ही कशाला घाबरायचं?” ही चूक खरीच झाली होती. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ समितीच्या, २००७ च्या अहवालात ते वाक्य होतं आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांनी ते चुकीचं असल्याचं जाहीर केलं. मला विचाराल तर चूक छापून कबूल करणाऱ्यावर माझा विश्वास जरा वाढतोच. पण हे त्या दिवशी बोललो नाही, कारण आमच्या मागच्या वर्षीच्या ऑडिटचे शेरे तिथंच टेबलावर पडले होते.

सर्वांत तरुण संचालकानं मोबाइल पुढं सरकवला. नकाशात २०५० सालची कोकण किनारपट्टी लालभडक. अर्जदाराची खाडी तर पूर्ण बुडालेली. “पस्तीस लाख समुद्रात टाकायचे काय?”

बैठक तशीच उठली. एका बाजूला ‘काही होत नाही’, दुसऱ्या बाजूला ‘सगळं बुडणार’, आणि मला पंधरा दिवसांत टिपण द्यायचं.

माझं पहिलं टिपण

मी टिपण दिलं आणि ते चुकलं. प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः यासाठीच.

आर्किटेक्टच्या नकाशावर लिहिलं होतं: जोत्याची उंची समुद्रसपाटीपासून २.१ मीटर. भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात वर्षातलं सर्वांत मोठं उधाण दिसत होतं २.४ मीटर. मी वजाबाकी केली. उधाणाच्या दिवशी घरात फूटभर पाणी, आणि समुद्र अजून वाढायचाच आहे. लिहिलं, ‘तारण आजच असुरक्षित. कर्ज नामंजूर करावे.’

सही करताना एक गोष्ट मनात खटकली होती आणि मी ती दाबली. ते घर साठ वर्षं उभं होतं. माझा हिशोब बरोबर असता तर दर पावसाळ्यात त्यात मासे फिरले असते.

अर्जदार टिपण वाचून गप्प बसले नाहीत. भांडले नाहीत, एवढंच म्हणाले, “सर, एकदा येऊन बघा तरी. गाडी माझी.” जानेवारीच्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. मी, ते, आणि सावंतवाडीहून त्यांनी बोलावलेला सर्व्हेअर. शिनोळी, चंदगड करत आंबोलीला चहा घेतला. तिथं हिरण्यकेशी उगम पावते आणि पाठ फिरवून आपल्याकडे, घटप्रभेला भेटायला निघते. तिथूनच थोडं पुढं गेलं की तोच पाऊस कोकणात कोसळतो. एकेकाळी बेळगावचा माल याच वाटेनं वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा. आता होमस्टेच्या फाइली उतरतात.

सर्व्हेअरनं माझी वजाबाकी बघितली आणि हसू आवरलं. “सर, ही दोन शून्यं वेगवेगळी आहेत.”

नकाशातलं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या उंच्या तिथून मोजतात. भरतीच्या वेळापत्रकातलं शून्य मात्र जहाजांसाठी असतं. नाखव्याला बुडाखाली किमान किती पाणी मिळेल ते हवं असतं, म्हणून ते शून्य मोठ्या ओहोटीच्या तळाशी धरलेलं असतं. या किनाऱ्यावर दोन्हींत मीटरभरापेक्षा थोडं जास्त अंतर पडतं. त्याच्या हिशोबात १.३ मीटर. म्हणजे २.४ मीटरचं उधाण सरासरी पातळीच्या वर फक्त १.१ मीटर चढतं, आणि २.१ मीटरवरचं जोतं त्याहून मीटरभर वर राहतं. एकानं विहिरीची खोली कठड्यापासून मोजावी, दुसऱ्यानं जमिनीपासून, आणि तिसऱ्यानं दोन्ही आकडे एकमेकांतून वजा करावेत, तसं मी केलं होतं. चाळीस वर्षं मुलांना ‘एकक लिहा, एकक लिहा’ म्हणून ओरडलो; आरंभबिंदू लिहा असं कधी म्हटलं नाही.

तरुण संचालकाच्या लाल नकाशाचंही याच जातीचं दुखणं होतं. अशा बऱ्याच नकाशांच्या मुळाशी २००० साली अवकाशयानातून रडारनं मोजलेल्या उंच्या असतात. ते रडार झाडांचे शेंडे आणि घरांची छपरंसुद्धा जमिनीत धरतं, त्यामुळे माडांच्या बनात जमीन कित्येक मीटर उंच दिसते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं या उंच्या दुरुस्त केल्या, तेव्हा २०५० पर्यंत वर्षातून एकदा तरी पुराच्या टप्प्यात येणाऱ्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांचा जगभरचा अंदाज सुमारे आठ कोटींवरून तीस कोटींवर गेला. समुद्राचा अंदाज तोच, बदलला तो जमिनीचा. आणि दुरुस्त केलेल्या उंच्यासुद्धा अकरा गुंठ्यांवर निकाल देण्याइतक्या बारीक नसतात. जागेवर दुर्बीण लावण्यावाचून इलाज नव्हता.

दुर्बीण लावली. जोतं २.१ वरच होतं. मग शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारलं, पाणी सगळ्यात वर कुठवर आलेलं बघितलंत? त्यांनी थेट खाडीकडच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, नेलं. खाली कालवांची रेघ, त्याच्या वर उधाणाचा काळपट डाग. “उधाणाचा पाणी ह्या डागापर्यंत येता. क्यार इला तेव्हा मात्र थंय वर.” काठीनं त्यांनी जोत्याच्या पायरीखालचा एक चिरा दाखवला. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार वादळ किनाऱ्यावर आदळलंच नव्हतं, दूर समुद्रातून गेलं. तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गात वस्त्यांत पाणी घातलं. २०२१ च्या तौक्तेनं या घराची कौलं नेली, पाणी मात्र तेवढं चढलं नाही. सर्व्हेअरनं त्या चिऱ्यावर पट्टी धरली. जोत्याच्या चाळीस सेंटिमीटर खाली.

प्रकरणाचा खरा आकडा तो. चाळीस सेंटिमीटर. माझं पहिलं टिपण मी गाडीतच फाडलं.

चाळीसातून किती जाणार

आता ध्रुवांकडे वळायला हरकत नाही.

समुद्र नेमका किती वेगानं चढतोय याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ दरम्यान जगाचा समुद्र सरासरी वीस सेंटिमीटर चढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वेग वर्षाला १.३ मिलीमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७. समितीत कुणीतरी मुंबईच्या अपोलो बंदरच्या जुन्या नोंदी काढल्या होत्या. १८७८ पासूनच्या त्या मोजणीत दर वर्षाला एक मिलीमीटरसुद्धा पडत नाही. पण ती सरासरी शंभराहून अधिक वर्षांची. उत्तर हिंदी महासागराचा १९९३ ते २०१७ मधला दर भारत सरकारच्या २०२० च्या अहवालात ३.३ मिलीमीटर दिलाय. पगारवाढ बघायची तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची सरासरी काढून चालत नाही.

यात ध्रुवांचा वाटा किती? एकमेकांमागून सव्वादोनशे किलोमीटर अंतरानं धावणाऱ्या दोन उपग्रहांची एक जोडी २००२ मध्ये सोडली होती. खाली वजन जास्त असेल तिथं पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जातो. त्या अंतरातल्या सूक्ष्म फरकावरून बर्फाचं वजन काढतात. ग्रीनलंड वर्षाला सुमारे २७० अब्ज टन बर्फ घालवतं, अंटार्क्टिका सुमारे १५० अब्ज. ३६० अब्ज टन वितळले की समुद्र एक मिलीमीटर चढतो. म्हणजे दोघं मिळून मिलीमीटरपेक्षा थोडं जास्त. बाकी पर्वतांवरच्या हिमनद्या, आणि सगळ्यात मोठा वाटा तापून फुगलेल्या पाण्याचा. १९७१ पासूनच्या वाढीतला जवळजवळ निम्मा भाग नुसत्या फुगण्याचा आहे. जमिनीतून उपसलेलं पाणीही शेवटी समुद्रातच जातं. त्यात आपल्या उसाचाही खारीचा वाटा असणार. उपशाचं पुढं येईलच.

आता अनिश्चितता. २०५० पर्यंत, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या वर, जगानं धूर खूप कमी केला तर १५ ते २३ सेंटिमीटर. काहीच केलं नाही तर २० ते २९. या दोन आकड्यांत फरक फार नाही, कारण या काळात चढायचं पाणी आधी शोषलेल्या उष्णतेनं ठरवून टाकलंय. २१०० चे आकडे काढले की चित्र बदलतं: एका टोकाला २८ ते ५५ सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला ६३ ते १०१. शिवाय दोन मीटरच्या जवळपास जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं अहवालच म्हणतो.

हे ऐकून चेअरमन म्हणाले होते, “अठ्ठावीस सेंटिमीटर ते दोन मीटर? असं कसं वो सर? एवढ्या फरकाचा अंदाज आमच्या क्लार्कनं दिला तर आम्ही त्याला काढून टाकू.”

त्यांना दोन गोष्टी समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिली म्हणजे ‘शक्य पट्टा’ या शब्दाचा अर्थ. ६३ ते १०१ म्हणजे किमान आणि कमाल नव्हे. उत्तर त्या पट्ट्यात पडण्याची शक्यता तीनात दोन किंवा जास्त, असा त्याचा अर्थ. उरलेल्या तिसऱ्या वेळी ते पट्ट्याबाहेरही पडू शकतं. हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देताना पाच टक्के कमीजास्त म्हणतं तेव्हा आपला शेतकरी ते बरोबर ओळखतो आणि पेरणी एकदम सगळ्या रानात करत नाही. अहवालातला पट्टा वाचताना मात्र तोच माणूस हमीपत्र मागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी नाही. खालची बाजू जवळजवळ बंद आहे, वरची उघडी. पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स नावाची हिमनदी आहे; ती एकटी समुद्रात गेली तर पातळी पाऊण मीटरला थोडी कमी, सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. तिचा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे आणि आतल्या बाजूला आणखी खोल होत जातो. गरम झालेलं पाणी तिला खालून खातंय. शास्त्रज्ञांचं भांडण आहे ते इथं: ती शतकांत सरकेल की उंच बर्फकडे कोसळत जाऊन खूप आधी? २०१६ मध्ये गाजलेल्या कडे कोसळण्याच्या सिद्धांतावर अजून दोन तट आहेत. सरकणार की नाही, यावर मात्र दोन्ही तट एकच बोलतात.

२००७ च्या अहवालात २१०० साठी १८ ते ५९ सेंटिमीटर असा आकडा होता. त्यात बर्फाच्या वेगानं सरकण्याची भावी वाढ धरलेली नव्हती, कारण ती मोजायला तेव्हा साधन नव्हतं. अहवालात ते स्पष्ट लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी मात्र न धरलेली गोष्ट शून्य समजून घेतली. मी ज्या चुकीपायी टिपण फाडलं तिची ही थोरली बहीण.

शेवटी चेअरमनना पटलं ते त्यांच्याच भाषेत. “साहेब, पुढच्या वर्षी कोण कर्जदार थकणार हे तुम्हाला माहीत आहे?” नाही. “मग दरवर्षी बुडीत कर्जाची तरतूद का करता? ‘माहीत नाही’ म्हणून शून्य का धरत नाही?” ते हसले. “सर, तरतूद करतो ते माहीत नाही म्हणूनच की.”

चिक्कोडीकडचे एक संचालक त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. कृष्णेला २००५ चा पूर आला तेव्हा त्यांच्या घराच्या भिंतीवर त्यांनी खूण केली आणि नवीन खोली त्या खुणेच्या वर बांधली. २०१९ चं पाणी त्या खोलीत शिरलं. “आलमट्टीमुळं आलं, पावसामुळं आलं, भांडा किती भांडायचं ते. मी खुणेला शेवटचं पाणी समजलो, तिथं चुकलो.”

मुदतीचा हिशोब

पंधरा वर्षांत, म्हणजे २०३८ च्या सुमारास, आत्तापासून समुद्र किती चढेल? सध्याचा वेग आणि त्यातली वाढ धरली तर सहा ते आठ सेंटिमीटर. मी फळ्यावर हात ठेवून दाखवला: चार बोटं. चाळीसातून आठ गेले, बत्तीस उरले. कुठल्याही तटाचा शास्त्रज्ञ घ्या, या पंधरा वर्षांत फार फरक पडत नाही. कर्जाची मुदत संपते तोवर वादाला तोंडच फुटत नाही. तो सगळा मुदतीनंतरचा.

चार बोटांना कमी लेखू नये, हेही टिपणात लिहिलं. सरासरी थोडी वर गेली की क्वचित येणारं पाणी वरचेवर येऊ लागतं. शतकातून एकदा चढणारं पाणी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून जास्त मोजणी केंद्रांवर दरवर्षी चढेल, असा अहवालाचा अंदाज आहे. क्यारच्या जोडीला मोठं उधाण आणि खाडीला पावसाळी लोंढा, असं एका दिवशी जुळलं तर बत्तीस सेंटिमीटर पुरतील का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून नवीन खोल्यांचं जोतं आणखी साठ सेंटिमीटर वर घ्यावं असं सुचवलं. खर्च वाढला तो एकूण बांधकामाच्या मानानं किरकोळ. चिराच तर आहे.

आणि विमा. पूर-वादळाचं संरक्षण असलेली पॉलिसी त्यांनी जोडली होती, पण ती एका वर्षाची. कर्ज पंधरा वर्षांचं. विमा कंपनी दरवर्षी हप्ता वाढवू शकते किंवा नको म्हणू शकते, आम्ही तसं म्हणू शकत नाही. हे ऐकून सेक्रेटरींनी मुदत बारा वर्षांवर आणली.

विहीर

इतकं सगळं समुद्रावर झालं, आणि तारणाला खरा धोका कुठून आहे हे कळलं ते अर्जदाराच्या बायकोकडून. जागेवर आम्ही गडग्याशी पट्ट्या धरत होतो तेव्हा त्या विहिरीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “सर, मामांच्या वेळी हे पाणी मे महिन्यातही गोड होतं. आता एप्रिल सरला की मचूळ लागतं. चहा फाटतो.”

खाडीकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं सव्वाशे वर्षांपासून एक ढोबळ नियम चालत आलाय: समुद्रपातळीच्या वर जेवढं गोडं पाणी, त्याच्या चाळीसपट खाली. उलटं वाचा म्हणजे कळेल. उपसून पातळी वीतभर खाली नेली की खालचं खारं पाणी चाळीस विती वर यायला बघतं. प्रत्यक्षात खडक, चिरा, पावसाचं पुनर्भरण यांनी हे गणित मऊ होतं, पण दिशा तीच. समुद्र पंधरा वर्षांत चार बोटं चढणार. तीन एचपीची मोटार तेवढं पाणी एका सकाळी खाली नेते.

आणि आराखड्यात नेमकी तीच होती. बोअर, तीन एचपीची मोटार, पुढं हिरवळ. पलीकडच्या वाडीतल्या एका होमस्टेची विहीर अशीच चार वर्षांत गेली होती. ते आता टँकर घेतात. पाणी मचूळ झालं की पाहुणे येत नाहीत, पाहुणे नाहीत तर हप्ता नाही. घर चांगलं कोरडं उभं राहील आणि कर्ज बुडेल.

म्हणून ठरावातली सगळ्यात लांब अट पाण्याची आहे. बोअर नाही. हिरवळ नाही. मोटार अर्ध्या एचपीची, दिवसाला ठरलेला वेळच. छपराचं पाणी पन्नास हजार लिटरच्या टाकीत. तिथं पाऊस तीन मीटरच्या आसपास पडतो, छप्पर दीडशे चौरस मीटरचं. टाकी जूनमध्येच भरते. आठ माणसांना दिवसाला बाराशे लिटर धरले तर एप्रिल-मेचे चाळीस दिवस निघतात. विहिरीच्या पाण्याची क्षारता दर महिन्याला मोजून आकडा शाखेला कळवायचा. पतसंस्थेच्या कर्जखात्यात टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, रकाना असलेली ही बहुधा आमची एकटीच फाइल; नवीन क्लार्कनं पहिल्यांदा तो करकपातीचा समजून शून्य लिहिला होता.

तीस लाख मंजूर झाले, बारा वर्षांसाठी. सरबतवाल्या संचालकांनी ठरावाला अनुमोदन दिलं. तरुण संचालकानं विरोध नोंदवला आणि तो मी इतिवृत्तात जसाच्या तसा ठेवायला लावला. त्याचं म्हणणं होतं की आपण बारा वर्षांचा हिशोब करतोय, पण त्या बाईंचा नातू तिथं राहणार आहे.

पुढं

होमस्टे २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. हप्ते वेळेवर आहेत. पहिल्या मे महिन्यात पाणी किंचित मचूळ झालं, दुसऱ्यात झालं नाही. दोन वर्षांवरून मी काही म्हणत नाही. गडग्यावर सर्व्हेअरनं तेलरंगानं एक पट्टी आखून दिलीय, दर मोठ्या उधाणाला काका तिथं पाणी बघून तारीख लिहितात.

गेल्या वर्षी अर्जदाराच्या मुलाचा अर्ज आला. वरचा मजला, आणखी तीन खोल्या, मुदत पंचवीस वर्षं. म्हणजे २०५०. चाळीसातले पंधरा-वीस तोवर गेलेले असतील, आणि तिथून पुढं आलेखातल्या रेघा फुटायला लागतात. चार बोटांचा हिशोब पुरत नाही. चेअरमननी फाइल माझ्याकडे पाठवली. त्यावर पेन्सिलीनं शेरा: ‘सर, परत बोटं मोजा. या वेळेस दोन्ही हातांची.’

मी अजून टिपण दिलेलं नाही. दरम्यान बाईंचा फोन येऊन गेला. मुलाला त्यांनी सांगितलंय, वर कितीही मजले चढव, मोटार बदलायची नाही.